धाकट्या आत्याचा फोटो

६ जानेवारी

आत्या,

परवा फोनवर मी "बाबा बरे आहेत" म्हटलं, तुला "बाबा घरी आहेत" ऐकू गेलं, आणि तू म्हणालीस, "मग या वयात कुठे जाणार?" मी आणि बाबा नंतर बराच वेळ हसत होतो. पण ठरवलं, यापुढे तुझ्याशी जे बोलायचं ते कागदावर. अक्षर मुद्दाम टपोरं काढते आहे. सुनेकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच.

बाबा बरे आहेत असं आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं. किडन्या दमल्या आहेत. संध्याकाळी पाय इतके सुजतात की चपला चढत नाहीत. डोळ्यांचं तुला ठाऊकच आहे. छापखान्यात बसून उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि आता समोर मी उभी आहे की कपडे वाळत घातलेत हे विचारून घ्यावं लागतं. तक्रार मात्र नाही. मी दिवसभर पाणीपुरवठ्याच्या खिडकीवर बसून अख्ख्या गावाच्या तक्रारी ऐकते, त्यामुळे घरात एक माणूस तक्रार न करणारा आहे याचं मला फार अप्रूप.

आता खरी गोष्ट. त्यांच्या पलंगासमोर धाकट्या आत्याचा फोटो असतो ना, तो त्यांना हल्ली नुसता करडा डाग दिसतो. म्हणाले, ताईला जरा मोठी करून आण. मलाही हौस आली. लहानपणी मी सगळ्यांना सांगायचे की मला दोन आत्या आहेत. एक मोठी, सुट्टीत येऊन रागावणारी, आणि एक धाकटी, भिंतीवरची, कधीच न रागावणारी. ती गेली त्या वयाहून मी मोठी झाले त्या वर्षी मला उगीचच अवघडल्यासारखं झालं होतं. आणि बाबा मला सारखं म्हणायचे, तू थेट ताईवर गेली आहेस.

तर आमच्या ऑफिसच्या खाली एक स्टुडिओवाला आहे. जुने फोटो दुरुस्त करतो. त्याने फ्रेम उघडली, काच पुसली आणि विचारलं, "हा मुलगा कोण तुमचा?"

मी म्हटलं, मुलगा नाही, आत्या. झालरीचा फ्रॉक दिसत नाही का? तो हसला. म्हणाला, त्या काळी चार-पाच वर्षांचा होईपर्यंत पोरगाही फ्रॉकमध्येच असायचा, फोटोला तर हमखास. कपड्यावर जाऊ नका, भांग बघा. मुलीचा मधोमध, मुलाचा बाजूला. आणि हातात बघा. आत्या, आम्ही इतकी वर्षं जी फुलाची काडी समजत होतो ती खेळण्यातली चाबकाची काठी आहे. तो म्हणाला, मुलीच्या हातात बाहुली द्यायचे, मुलाच्या हातात चाबूक नाहीतर चेंडू.

मग त्याने तो चेहरा पडद्यावर मोठा केला. हनुवटीखाली आडवी खूण आहे. बाबांच्या दाढीत दडलेली असते ना, अगदी तशीच.

म्हणजे इतकी वर्षं बाबा स्वतःलाच नमस्कार करत होते की काय? मला तर हसूच आवरेना. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुझ्याकडून खात्री झाली की सांगते, आम्हाला आठवडाभर पुरेल.

तुझी भाची


१५ जानेवारी

पोरी,

पत्र पोचलं. टपोरं लिहायचं म्हटलं तरी इतकंही नको की समोरच्या गॅलरीतल्या बाईने वाचावं.

तुझा तो स्टुडिओवाला फार शहाणा दिसतो. भांगावरून माणूस ओळखतो म्हणजे काय. लहान पोरांचा भांग वारा पाडील तिकडे पडतो. हनुवटीवर पडलं नाही असं एक तरी मूल दाखव मला. माझ्याही आहे खूण, चष्मा लावून बघितली.

फ्रॉकचं मात्र तो म्हणतो ते खरं आहे. त्या वेळी मुलाला वेगळं आणि मुलीला वेगळं असं काही शिवत नसत. एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. पोर ओलं झालं की फ्रॉक वर उचलला, संपलं काम. मूल वाढलं की दुमड सोडायची. तुझ्या आतोबांचाच एक फोटो आमच्याकडे आहे. लेसची कॉलर, फुग्याच्या बाह्या, डोक्याला रिबन, आणि तोंड असं की कुणीतरी पेन्शन बंद केली आहे. पुढे याच माणसाच्या आवाजाने कारखान्याचं अख्खं गेट गप्प व्हायचं. रुसले की मी तो फोटो काढून टेबलावर ठेवायची. सासूबाई सांगायच्या, पहिली विजार घातली त्या दिवशी सगळ्या गल्लीत दाखवत फिरला आणि घरी आल्यावर फ्रॉकसाठी रडला.

माझ्या नात्यातल्या अशा चारपाच मुलांचे फोटो मी पाहिले आहेत. स्टुडिओत पाठीमागे रंगवलेली बाग, पुढे तिवई, तिवईवर पोर. फोटोवाल्याकडे खेळण्यांची टोपली असायची, हाताला लागेल ते तो पोराला द्यायचा.

तेव्हा फोटो मोठा करून आण आणि होता तिथे लाव. तुझ्या बाबाला काही विचारू नकोस, सांगू नकोस. त्याचे पाय उशीवर ठेवत जा. मीठ कमी कर.

आत्या


२८ जानेवारी

आत्या,

तू फ्रॉकबद्दल दोन पानं लिहिलीस, आतोबांबद्दल लिहिलंस, मिठाबद्दलही लिहिलंस. मी जे विचारलं होतं तेवढंच नाही लिहिलंस. मी खिडकीवर बसणारी बाई आहे, ज्याच्या नळाला खरंच पाणी येत नाही तो किती बोलतो आणि दुसरा किती बोलतो हे मला कळतं.

आता हसण्याची गोष्ट राहिलेली नाही. बाबांचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी डायलिसिस लगेच सुरू करा म्हणून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले आणि नको म्हणाले. मला वाटलं, सुईला घाबरतात. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "ताई एवढी वर्षं थांबली आहे. आता अजून किती थांबवू तिला."

आत्या, ते हे रडून नाही म्हणाले. गावाला जायचं तिकीट काढून ठेवलेल्या माणसासारखे म्हणाले. तेव्हापासून ते आनंदात आहेत. मोठा केलेला फोटो समोर टेकवून ठेवला आहे, त्याच्या अगदी जवळ नाक नेऊन बघतात. मला सांगतात, बघ कशी बघते आहे माझ्याकडे. या डोळ्यांनी आजवर माझ्याकडे दुसऱ्या कुणी बघितलं नाही. त्यात मी आले, आई आली, तूही आलीस. मला वाईट वाटलं, पण ते जाऊ दे.

मी रडले, भांडले, ऑफिसला रजा टाकून त्यांच्यासमोर बसून राहिले. ते माझी समजूत घालतात. म्हणतात, तिकडे माझं माणूस आहे, मी काही अनोळखी जागी चाललो नाही.

मी विचार करून करून एका जागी आले आहे. या फोटोनेच त्यांना ओढून नेलं असेल, तर त्यांना सोडवायलाही फोटोच लागेल. त्यांना कळलं की ते डोळे तिचे नाहीत, तर कदाचित ते थांबतील. पण मला आधी खरं काय ते कळायला हवं. तुझ्याशिवाय ते सांगणारं जिवंत कुणी नाही. ती कोण, आणि हा कोण?

तुझी भाची


७ फेब्रुवारी

पोरी,

फोटोत तुझा बाबाच आहे. अंगातला फ्रॉक तायडीचा आहे.

आम्ही तिघं. मी थोरली, मग तायडी, मग तो. तायडीला पाचवं लागायला थोडे दिवस होते तेव्हा आईने तिला फोटोसाठी म्हणून पांढरा फ्रॉक शिवायला घेतला. गळ्याला झालर, खाली तीन पट्ट्या. घरात तोपर्यंत कुणाचाच फोटो निघाला नव्हता. झालर टाचून झाली, बटणं राहिली होती, आणि तिला घसा धरला. घटसर्प. डॉक्टर आले, त्यांनी चमच्याने जीभ दाबून आत पाहिलं आणि मला आणि तुझ्या बाबाला शेजारी पाठवून दिलं. परत आणलं तेव्हा खाट रिकामी होती आणि खोलीला औषधाने धुतल्याचा वास येत होता. फ्रॉक तिच्या अंगाला एकदाही लागला नव्हता.

आई रडल्याचं मला आठवत नाही. ती स्वयंपाक करायची, भांडी घासायची. फक्त बोलायची नाही. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी तिने तो फ्रॉक काढला, राहिलेली बटणं लावली, खालची पट्टी दुमडून टाके घातले आणि तुझ्या बाबाला घातला. तो तेव्हा तीनचा होता. पायरीवरून पडून हनुवटी फुटली होती त्याला महिनाही झाला नव्हता. वडिलांना वाटलं, चला, मुलाचा फोटो काढावासा वाटला म्हणजे ही सावरली. मुलांना फ्रॉक घालतच असत, त्यात कुणाला काय दिसणार.

मीही बरोबर होते. आईने घरून त्याचा भांग मधोमध पाडून नेला होता. फोटोवाल्याने विचारलं, मुलगा की मुलगी? वडील म्हणाले, मुलगा. त्याने खिशातून कंगवा काढून भांग बाजूला केला आणि हातात चाबूक दिला. आई नुसती बघत राहिली.

तुझा बाबा तिवईवर बसेना. सारखा उतरायचा. तायडी गेल्यापासून तो तसाच झाला होता, दारं उघडून बघायचा, खाटेखाली वाकायचा. शेवटी आई कॅमेऱ्याच्या काळ्या कापडामागे गेली आणि तिथून म्हणाली, "बाळा, इकडे बघ, तायडी आली."

त्याने बघितलं. तो जो चेहरा आहे, तो तेव्हाचा.

फोटो घरी आला. आईने तो भिंतीवर लावला आणि आम्हाला म्हणाली, ही आपली तायडी. वडिलांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, मग बूट घातले आणि कामावर निघून गेले. त्या दिवसापासून ती तायडीच. तुझा बाबा तर त्याच फोटोखाली मोठा झाला. त्याला आपली ताई आठवते म्हणतो ती हीच.

तो म्हणतो, त्या डोळ्यांनी त्याच्याकडे दुसऱ्या कुणी बघितलं नाही. बरोबर आहे. ते डोळे त्याचे आहेत आणि तो तिला शोधतो आहे.

आता तुला सगळं कळलं. त्याला सांगू नकोस. तो सुखाने चालला आहे, जाऊ दे.

आत्या


१८ फेब्रुवारी

आत्या,

मी सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, पण माझ्या जागी बसून बघ. डॉक्टर म्हणाले होते, अजून आठवडा गेला तर विचारायलाही येऊ नका.

सकाळी चहा झाल्यावर गॅलरीत बसवलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं. अक्षर न् अक्षर. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. दाढीत बोट घालून हनुवटीवरची खूण चाचपत राहिले. मग फोटो मागितला. मांडीवर घेतला, काचेवरून हात फिरवला, जसा ओळख नसलेल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा, आणि मला परत दिला.

त्यांनी विचारलं, "मग ती कशी होती?"

मी म्हटलं, ते आत्यालाच ठाऊक. म्हणाले, "आक्काला लिही. सगळं लिहून पाठव म्हणावं. डोळे कसे, कपाळ कसं, हसायची तेव्हा दात दिसायचे का."

मी लगेच म्हटलं, बाबा, पत्र जायला-यायला वेळ लागणार, तोवर तब्येत टिकायला हवी. माझा स्वार्थ त्यांना कळला असणार. तरीही हो म्हणाले.

आत्या, डायलिसिस सुरू झालं. तीनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी थरथर कापले, पांघरुणावर पांघरूण घालावं लागलं. आता सवय होते आहे. सूज उतरली, काल स्वतः चपला घातल्या. मशीनच्या हॉलमध्ये शेजारच्या खाटेवर एक निवृत्त ड्रायव्हर असतात, त्यांच्याशी गट्टी जमली आहे. घरी आल्यावर पहिला प्रश्न: आक्काचं पत्र आलं का?

मला आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली. आता सगळं तुझ्या हातात आहे. पानंच्या पानं लिही. एकदम नको, थोडं थोडं पाठव. काही बारीकसारीक आठवेल ते सगळं लिही, ती नखं कुरतडायची का, कुठे झोपायची. त्यांना एकेका पत्रावर महिना काढता येईल.

तुझी भाची


२६ फेब्रुवारी

पोरी,

हे पत्र तुझ्यापुरतं. सोबतचे दोन कागद त्याला वाचून दाखव.

तुझं पत्र आल्यापासून मी खुर्चीत बसून आठवते आहे. सून विचारते, काय होतंय. मी म्हणते, काही नाही. खरंच काही नाही. मला फ्रॉकचं कापड आठवतं, हाताला कडक लागायचं. तिची खाट आठवते. तिचा खोकला आठवतो, कुत्र्याच्या पिल्लासारखा. तिच्या अंगावर ढेकूण चावल्याचे ठिपके होते ते आठवतात. मग मी मानेवरून वर जाते आणि तिथे तुझा बाबा असतो. बाजूला भांग, हनुवटीवर खूण. डोळे उघडून पुन्हा मिटते. पुन्हा तोच.

मी आठ वर्षांची होते. आठ वर्षांच्या मुलीला बहिणीचा चेहरा राहायला हवा होता ना? पण रोज उठून आई म्हणायची, तायडीकडे बघ, आणि मी बघायची. कधी तो चेहरा आत बसला आणि कधी खरा निघून गेला, मला कळलंच नाही. हे आजवर मला माहीत नव्हतं. तू विचारलंस म्हणून आत हात घातला, तर जागा रिकामी.

हे त्याला कसं सांगू? तो मशीनवर पडून वाट बघतो आहे असं तू लिहितेस. म्हणून मी शाळेत माझ्या बाकावर बसायची त्या मुलीचा चेहरा घेतला आणि लिहून काढलं. गोड मुलगी होती. थोडं मनाचं घातलं. वाईट असेल तर असू दे. माझ्या वयाला आता काय वाईट.

नीट वाच, मध्ये अडखळू नकोस. लिखाण खोटं आहे हे त्याला कागदावरून ओळखता येतं, आवाजावरूनही येत असेल.

आत्या


९ मार्च

आत्या,

अडखळले नाही. घरी सरावही केला होता. मशीनवर असताना वाचलं, कारण तिथे चार तास हलता येत नाही आणि त्यांना ते चार तास खायला उठतात.

डोळे मिटून ऐकत होते. मधूनमधून मान हलवत होते, जुन्या सवयीने ओठांशी शब्द पुटपुटत होते. संपल्यावर म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. शेजारचे ड्रायव्हरकाकाही ऐकत होते, म्हणाले, काय सुंदर लिहिलंय तुमच्या बहिणीने.

बाबा म्हणाले, "पहिल्या पानावर केस कुरळे आहेत. दुसऱ्यावर रिबन सरळ केसांवरून घसरते आहे."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात उचलला, सुया असलेला हात, नर्स धावत आली. ती गेल्यावर हळूच म्हणाले, "आक्काला आठवत नाही. तिला ओरडू नकोस, तिने खूप प्रयत्न केलेला दिसतो."

मी म्हटलं, बाबा, नाही आठवत तर नाही आठवत, काय फरक पडतो, ती होती ना. ते ऐकतच नव्हते. मशीनच्या नळीतून रक्त फिरत होतं आणि ते छताकडे बघत होते. मग जे म्हणाले ते मी तुझ्यापासून लपवायचं ठरवलं होतं, पण दुसरं कुणाला सांगू.

म्हणाले, "मग तिकडे गेल्यावर मी तिला ओळखणार कसा?"

आत्या, त्या दिवसापासून माझे बाबा घाबरले आहेत. कधी न घाबरणारा माणूस. आता डायलिसिसला जायचं म्हटलं की माझ्या आधी तयार होऊन बसतात. मी हेच मागितलं होतं ना? पण ते जगायला जात नाहीत, तिकडे जावं लागू नये म्हणून जातात. मशीन सुटलं की विचारतात, अजून थोडं नाही का चालवता येणार. आणि शरीर आता साथ देत नाही. गेल्या दोन्ही वेळी मध्येच रक्तदाब उतरला, बंद करावं लागलं. काल डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता थांबलेलं बरं. मी त्यांना अजून हे सांगितलेलं नाही.

घरात कुणीही आलं, दूधवाला, शेजारीण, इंजेक्शन द्यायला येणारी मुलगी, की ते त्यांना जवळ बोलावतात, अगदी नाकाशी, आणि तोंड न्याहाळतात. ती इंजेक्शनवाली मुलगी बिचारी उभी राहते. मग विचारतात, "तू कोण?" माझ्याकडेही तसंच बघतात. परवा म्हणाले, तू तिच्यावर गेली आहेस असं मी म्हणायचो, ते सोड, तू माझ्यावर गेली आहेस. लहान असताना हे ऐकलं असतं तर मला केवढा आनंद झाला असता.

ते सुखाने चालले होते. मी तिकीट फाडलं. त्यांना इकडे राहता येत नाही आणि तिकडे जायची सोय मी ठेवली नाही. तू सांगितलं होतंस.

काही आठवलं तर लिही. खरं. एवढंसं असलं तरी चालेल. चेहराच हवा असं नाही.

तुझी भाची


२ एप्रिल

पोरी,

सुनेने पाटीवर लिहून दाखवलं, मामा गेले. मी वाचलं आणि पाटी पुसून तिला परत दिली. तुझ्या फोनवर मला काही ऐकू आलं नसतं, म्हणून मी आले नाही फोनवर. प्रवासाला तर डॉक्टर पाठवत नाहीत. तुम्ही पोचवून आलात, शेजारी आले होते, ते ड्रायव्हरही काठी टेकत आले होते, एवढं सुनेने सांगितलं. शेवटी तो घाबरला होता का, हे मला विचारायचं होतं. विचारत नाही. तूही लिहू नकोस.

तुला दोष देणारं पत्र लिहायला मी दोनदा बसले. तेही होत नाही.

हे लिहू की नको याचा चार दिवस विचार केला. तू म्हणाली होतीस, एवढंसं असलं तरी चालेल, म्हणून लिहिते. आता ते कुणाच्या उपयोगाचं नाही.

पाटी पुसल्यावर मी खिडकीशी जाऊन बसले. खाली कुणीतरी आपल्या पोराला आत बोलावत होतं. ऐकू येत नाही मला, पण त्या बाईचं तोंड हलत होतं, आणि एकदम माझ्या कानात तायडी बोलली. मी घडवलेली नव्हे, खरीच. अंमळ घोगरा आवाज, मुलीला न शोभणारा. संध्याकाळ झाली की ती दारात उभी राहून तुझ्या बाबाला घरात बोलवायची. सगळे त्याला बाळ म्हणायचे. ती एकटी त्याला टुण्या म्हणायची. टुण्या, ये आता. टुण्या, मी आत चालले हं. आणि तो असेल तिथून पळत यायचा. ती गेल्यावर तो शब्द घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही. त्यालाही आठवत नसणार, नाहीतर कधीतरी बोलला असता.

इतकंच त्याला सांगायला हवं होतं: तू ओळखायची काळजी करू नकोस, तीच हाक मारेल.

आत्या